विनंतीवरची सही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीविषयी होती. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून क्लाउड सेवेला विनंती पाठवली जाते, ती ‘४०३’, म्हणजे ‘परवानगी नाही’, हा आकडा घेऊन परत येते आणि ‘सही जुळत नाही’ यापलीकडे काही समजत नाही. म्हणून या वेळची सगळी जागा ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या ‘सिग्नेचर व्हर्जन ४’ या सही करण्याच्या पद्धतीला दिली आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात कृष्णा नदीची पाणीपातळी मोजणारे एक यंत्र आहे. ईएसपी-३२ या लहान मायक्रोकंट्रोलरवरून दर १० मिनिटांनी एक नोंद एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइली साठवणाऱ्या सेवेत, तिच्या मुंबई रीजनमधील (मुंबईतल्या सर्व्हर केंद्रांमधील) बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, जावी, अशी योजना आहे. कंपनीची पूर्ण लायब्ररी या यंत्राच्या मेमरीत मावत नसल्यामुळे सहीचा कोड मी स्वतः लिहिला, पण तीन आठवडे झाले तरी उत्तर ४०३ असेच येते. मुळात ॲक्सेस की (ओळख सांगणारी) आणि सीक्रेट की (तिच्या जोडीची गुप्त) एचटीटीपीएसवरून सरळ पाठवल्या तर काय बिघडेल? आणि माझी चूक मी कशी शोधावी?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: आधी तुमच्या मूळ शंकेविषयी लिहिते. एचटीटीपीएसमुळे मजकूर वाटेवर झाकलेला राहतो हे खरे आहे, पण ते संरक्षण वाटेपुरतेच असते. वाटेच्या टोकांना विनंती उघडी होते, आणि प्रॉक्सी आणि लोड बॅलन्सर यांसारखे मधले सर्व्हर, चुका नोंदवणाऱ्या लॉग फाइली अशा अनेक जागी ती साध्या मजकुराच्या रूपात विसावते. सीक्रेट की विनंतीबरोबर जात असेल, तर यांपैकी एका जागेचा निष्काळजीपणा पुरेसा असतो. ती ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या नावाने काहीही आणि कधीही करता येते. सहीच्या पद्धतीत सीक्रेट की तुमच्या यंत्राबाहेर जातच नाही. बाहेर जाते ती त्या एका विनंतीची, त्या वेळेची सही. ती कोणी पळवली, तरी त्याला नोंदीतला आकडा बदलता येत नाही, बकेट बदलता येत नाही आणि मुदत टळल्यावर तीच विनंती पुन्हा पाठवताही येत नाही. ही मुदत एस-थ्रीमध्ये १५ मिनिटांची आणि इतर बहुतेक सेवांमध्ये ५ मिनिटांची आहे. पुराच्या दिवसांत पाणीपातळीचा आकडा वाटेत कोणी बदललेला नाही ही खात्री त्या आकड्याइतकीच मोलाची असल्यामुळे, तुमच्या प्रकल्पात सहीचा त्रास सोसण्यासारखा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सही कशी तयार होते ते पाहू. सर्व्हरकडे तुमच्या सीक्रेट कीची माहिती आहे, आणि तुमची विनंती त्याच्यासमोर आहे. तो त्या विनंतीवरून स्वतः सही तयार करतो आणि तुम्ही पाठवलेल्या सहीशी ताडून पाहतो. याचा अर्थ असा, की दोन वेगळ्या यंत्रांनी एकमेकांशी न बोलता एकच मजकूर अक्षरशः बाइटनिशी सारखा लिहायला हवा. त्यासाठी विनंतीला आधी एक प्रमाणरूप दिले जाते, ज्याला कॅनॉनिकल रिक्वेस्ट म्हणतात. तिच्यात क्रमाने विनंतीची पद्धत, पत्त्यातला मार्ग, क्वेरीचे (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागाचे) घटक, सहीत धरलेले हेडर (विनंतीविषयी माहिती देणाऱ्या ओळी), त्या हेडरांच्या नावांची यादी आणि बॉडीचा, म्हणजे प्रत्यक्ष पाठवायच्या मजकुराचा, एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) येतो. हेडरांची नावे लहान लिपीत आणि वर्णक्रमाने लावायची, त्यांच्या किमतींच्या आगेमागच्या मोकळ्या जागा काढायच्या, क्वेरीचे घटकही क्रमाने लावायचे आणि शेवटची सोडून प्रत्येक ओळ फक्त लाइनफीडने (नवी ओळ सुरू करणाऱ्या एका चिन्हाने) संपवायची. क्वेरी रिकामी असली तरी तिची ओळ रिकामी ठेवायची, आणि शेवटच्या हेडरनंतरही एक रिकामी ओळ सोडायची. या दोन रिकाम्या ओळींपैकी एक तरी विसरलेली असते, असा माझा पत्रे वाचतानाचा अनुभव आहे.

या प्रमाणरूपाचा हॅश काढून चार ओळींचा दुसरा मजकूर तयार होतो: पद्धतीचे नाव, जागतिक प्रमाणवेळेतला क्षण, तारीख-रीजन-सेवा यांची साखळी आणि तो हॅश. सही होते ती या चार ओळींवर, आणि तीही सीक्रेट कीने थेट नाही. सीक्रेट कीच्या आधी ‘एडब्ल्यूएस४’ ही अक्षरे जोडून तिच्यापासून तारखेची की काढायची, तिच्यापासून रीजनची, तिच्यापासून सेवेची आणि शेवटी ‘एडब्ल्यूएस४ रिक्वेस्ट’ या ठरावीक शब्दापासून सही करणारी की. प्रत्येक पायरी म्हणजे एचमॅकचा, म्हणजे की आणि मजकूर मिळून हॅश काढण्याच्या रीतीचा, एक हिशेब असतो. हा खटाटोप मुद्दाम केलेला आहे. आजच्या तारखेची, मुंबईची, एस-थ्रीची म्हणून काढलेली की उद्या बहुतेक निरुपयोगी ठरते, हैदराबाद रीजनमध्ये चालत नाही आणि दुसऱ्या सेवेला लागू पडत नाही; शिवाय तिच्यावरून मूळ सीक्रेट की उलट शोधता येत नाही. तुमच्या लहान यंत्राला याचा फायदाही आहे, कारण ही की दिवसातून एकदा काढून ठेवली की पुढच्या प्रत्येक नोंदीला चार हिशेब वाचतात.

स्वतः लिहिलेला कोड सर्वांत जास्त वेळा कीच्या याच साखळीत फसतो. मधल्या प्रत्येक पायरीचे उत्तर ३२ कच्च्या बाइटांचे असते आणि पुढच्या पायरीला ते तसेच द्यायचे असते. अनेक जण सवयीने त्याचे ६४ अक्षरांच्या हेक्स मजकुरात (० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांत) रूपांतर करून तो पुढे देतात. कोड विनातक्रार चालतो, सही दिसायलाही खरी दिसते आणि ती दर वेळी चुकीची असते. हेक्समध्ये रूपांतर करायचे ते फक्त अगदी शेवटच्या सहीचे.

तुमच्या यंत्राबाबत आणखी दोन गोष्टी तपासा. ईएसपी-३२ला वीज गेल्यावर वेळ लक्षात राहत नाही. सुरू झाल्यावर त्याचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासून चालू लागते. एनटीपी या इंटरनेटवरून वेळ देणाऱ्या सर्व्हरकडून खरी वेळ मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय पहिली विनंती पाठवू नका. दुसरी गोष्ट बॉडीची आहे. एस-थ्रीला बॉडीचा हॅश ‘एक्स-ॲम्झ-कंटेंट-एसएचए२५६’ या हेडरमध्येही लागतो, आणि तो प्रत्यक्ष पाठवलेल्या बाइटांचाच असला पाहिजे. त्या हॅशची सुरुवात ई-३-बी-०-सी-४-४-२ अशी दिसली, तर तुम्ही रिकाम्या बॉडीचा हॅश काढलेला आहे हे नक्की समजा, कारण रिकाम्या मजकुराचा एसएचए-२५६ नेहमी तोच येतो. बॉडीवर सही न करण्याचीही सोय एस-थ्रीने ठेवली आहे, पण तुमच्या कामात ती वापरू नये, कारण मग आकडा बदलला तरी सही तशीच जुळत राहील.

आणि आता चूक शोधण्याचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग. सही जुळली नाही, की एस-थ्री नुसते ४०३ पाठवून थांबत नाही. उत्तराच्या बॉडीत सर्व्हरने स्वतः तयार केलेली कॅनॉनिकल रिक्वेस्ट आणि सहीचा चार ओळींचा मजकूर, दोन्ही जसेच्या तसे असतात. बहुतेक लोक फक्त आकडा छापतात आणि हा खजिना टाकून देतात. तो पूर्ण छापा, त्याच्याखाली तुमच्या कोडने तयार केलेला मजकूर छापा आणि ओळीमागून ओळ जुळवत जा. कॅनॉनिकल रिक्वेस्टमध्ये फरक सापडला, तर चूक मार्ग, क्वेरी, हेडर किंवा बॉडी यांत आहे. दोन्ही मजकूर तंतोतंत सारखे असूनही सही वेगळी येत असेल, तर चूक कीच्या साखळीत आहे किंवा सीक्रेट की नकलताना बिघडली आहे. ती ४० अक्षरांची असते. तिच्या शेवटी एखादी मोकळी जागा किंवा ओळ चिकटलेली नाही ना, हे तिची लांबी मोजून लगेच कळते.

संगणकावर तपासायचे असेल तर कर्ल हे आज्ञा टाइप करून विनंत्या पाठवण्याचे साधन उपयोगी पडेल. २०२१ सालच्या ७.७५.० या आवृत्तीपासून त्यात ही सही करण्याची सोय आहे. कर्लने पाठवलेली विनंती स्वीकारली गेली, तर की आणि परवानग्या ठीक आहेत आणि दोष फक्त तुमच्या कोडमध्ये आहे, एवढे निश्चित होते.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या हिशेबाची प्रत रोज रात्री २ वाजता क्लाउडवर जावी म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला आहे. रात्री तो हमखास अपयशी होतो. सकाळी ८ वाजता कामावर आल्यावर मी तोच प्रोग्रॅम हाताने चालवतो, तेव्हा काम लगेच होते. रात्री नेटवर्क नीट चालू असते याची खात्री केली आहे. की बदलून पाहिली, काही फरक पडला नाही.
— संगणक विभाग, एक सहकारी पतसंस्था, अकोला

उत्तर: आपल्या पत्रात कोड नाही, तरीही दोष कोठे आहे हे त्यातल्या दोन वेळांवरून बऱ्याच खात्रीने सांगता येते. सहीमध्ये वेळ दोनदा येते: एकदा पूर्ण क्षण म्हणून आणि एकदा साखळीतली नुसती तारीख म्हणून. दोन्ही जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहायच्या असतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपल्याकडे मध्यरात्र झाल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत जागतिक प्रमाणवेळेत अजून आदलीच तारीख चालू असते. आपल्या प्रोग्रॅममध्ये क्षण बरोबर लिहिला जात असणार आणि साखळीतली तारीख संगणकाच्या स्थानिक घड्याळावरून घेतली जात असणार. सकाळी ८ वाजता दोन्हींकडे तारीख एकच असते, त्यामुळे चूक झाकली जाते. रात्री २ वाजता क्षण आदल्या दिवसाचा आणि तारीख आजची, अशी विनंती जाते आणि सर्व्हर ती नाकारतो.

पूर्ण क्षणही स्थानिक वेळेत लिहिला जात असता, तर विनंती साडेपाच तास भविष्यातली ठरून दिवसभर नाकारली गेली असती. ती सकाळी स्वीकारली जाते, यावरून घड्याळ आणि क्षण या दोन्हींवरचा संशय दूर होतो. उपाय सोपा आहे. वेळ एकदाच आणि जागतिक प्रमाणवेळेतच घ्यावी, तिच्यापासून क्षण तयार करावा आणि तारीख त्या क्षणाच्या पहिल्या ८ अंकांवरून कापून घ्यावी. घड्याळ दोनदा वाचणारा कोड कधी ना कधी मध्यरात्रीच्या सीमेवर अडखळतो, मग ती मध्यरात्र आपली असो वा ग्रीनिचची. दिवसाची की काढून ठेवली असेल, तर तिची तारीखही याच नियमाने बदलली पाहिजे. त्या बाबतीत दिवस पहाटे साडेपाचला बदलतो हे लक्षात ठेवावे. प्रोग्रॅमची वेळ सकाळी ६ वर नेली तर तक्रार बंद होईल, पण तसे करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चूक तशीच राहील आणि पुढे कोणी वेळ पुन्हा बदलली, तर तिचे कारण कोणाच्याच लक्षात नसेल.

प्रश्न: शेतकऱ्यांच्या नावांच्या याद्या आम्ही मराठी नावांच्या फाइलींत ठेवतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची एक फाइल प्रोग्रॅममधून उघडत नाही, पण संकेतस्थळाच्या पडद्यावरून उघडते. ‘गावांची यादी’ मात्र दोन्हीकडून उघडते. नाव अक्षरनअक्षर तपासले आहे. मराठी नावांवर सही करताना काही वेगळे करावे लागते का?
— एका शेतकरी उत्पादक गटाचे काम पाहणारे वाचक, लातूर

उत्तर: आपल्या प्रश्नात दोन वेगळे विषय एकत्र आले आहेत. पहिला सहीचा. पत्त्यात लिहिताना मराठी नावाचे यूटीएफ-८ बाइटांत रूपांतर होते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन हेक्स अंक अशा तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका ‘क’साठी पत्त्यात ९ अक्षरे लागतात. हे हेक्स अंक मोठ्या लिपीत लिहायचे असतात, तर हॅश आणि सही लहान लिपीत. ही विसंगती अनेकांना छळते. दोन शब्दांमधली मोकळी जागा टक्का-दोन-शून्य अशी लिहायची, अधिक चिन्हाने नाही. जावामधला नेहमीचा यूआरएल-एन्कोडर मोकळ्या जागेचे अधिक चिन्ह करतो, म्हणून तो जसाच्या तसा येथे चालत नाही. शिवाय एस-थ्रीमध्ये मार्गाचे असे रूपांतर एकदाच करायचे असते आणि इतर सेवांमध्ये दोनदा, त्यामुळे एका सेवेसाठी लिहिलेला कोड दुसरीकडे नेताना विचार करावा लागतो. ‘गावांची यादी’ उघडते, तिच्यातही मोकळी जागा आहे, त्यामुळे आपला हा भाग ठीक असणार.

दुसरा विषय मराठीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, आणि दोष तेथेच असावा. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ संगणकावर तीन प्रकारे लिहिला जातो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते एक चिन्ह आणि पुढे हलंत हा पहिला प्रकार. साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलंत हा दुसरा. साधा ‘र’, हलंत आणि त्यामागे न दिसणारे शून्यरुंदीचे जोडचिन्ह हा तिसरा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात, पण पहिल्या प्रकारात ६ बाइट होतात आणि इतर दोन्हींत ९. एस-थ्रीला भाषा कळत नाही. ते फाइलीचे नाव म्हणजे बाइटांची ओळ एवढेच मानते. फाइल एका कळफलकावरून नाव देऊन चढवली आणि प्रोग्रॅममध्ये नाव दुसऱ्या कळफलकावरून लिहिले, तर सही अचूक असूनही त्या नावाची फाइल सापडत नाही. पडद्यावर आपण नाव टाइप करत नाही, यादीतल्या नावावर क्लिक करतो, म्हणून तेथे ती उघडते.

येथे एक फसवी गोष्ट आहे. की वापरणाऱ्याला बकेटमधली यादी पाहण्याची परवानगी नसेल, तर नसलेली फाइल मागितल्यावर एस-थ्री ४०४ (‘सापडले नाही’) ऐवजी ४०३ पाठवते, कारण फाइल आहे की नाही हेही त्याला सांगायचे नसते. त्यामुळे नावातला घोटाळा परवानगीच्या किंवा सहीच्या घोटाळ्यासारखा दिसतो. उत्तराच्या बॉडीतला शब्द वाचावा: ‘सिग्नेचर-डझ-नॉट-मॅच’ असेल तर सही चुकली आहे, आणि ‘ॲक्सेस-डिनाइड’ असेल तर सही जुळून विनंती पुढच्या टप्प्यावर अडली आहे.

यासाठी फाइलींना इंग्रजी नावे द्यावीत असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. मी तो देणार नाही. आपल्या शेतकऱ्यांच्या याद्या आपल्या भाषेतल्या नावाने ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि ही यंत्रणा तो मान्य करते. एका नावाला १०२४ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची ३४१ चिन्हे मावतात. गरज आहे ती एकाच दाराची. फाइल चढवताना आणि मागताना प्रत्येक नाव एकाच फंक्शनमधून जावे, आणि त्याने नाव युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणरूपात आणावे. त्यामुळे नुक्त्याचा प्रकार आपोआप पहिल्या प्रकारात बदलतो. जोडचिन्हाचा तिसरा प्रकार मात्र एनएफसीने बदलत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत तो समान मानलेला नाही. तो त्या फंक्शनमध्ये आपल्याला स्वतः बदलून घ्यावा लागेल. आधीच चढवलेल्या फाइलींची नावेही एकदा याच पद्धतीने दुरुस्त करून घ्यावीत.

प्रश्न: आमच्या वाचनालयाने जुन्या मराठी आणि कोंकणी नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती एस-थ्रीवर ठेवल्या आहेत. सभासदांना ईमेलने दुवे पाठवतो. दुवा ७ दिवस चालेल असे प्रोग्रॅममध्ये लिहिले असूनही तो त्याच दिवशी संध्याकाळी बंद पडतो. सभासद नाराज होतात.
— एका वाचनालयाचे कार्यवाह, मडगाव

उत्तर: आपण पाठवता ते दुवे म्हणजे आधीच सही केलेल्या विनंत्या आहेत. सही हेडरऐवजी पत्त्यातच क्वेरीचे घटक म्हणून लिहिलेली असते, त्यामुळे सभासदाकडे कोणतीही की नसली तरी ब्राउझर ती विनंती पाठवू शकतो. अशा दुव्याची जास्तीत जास्त मुदत ६,०४,८०० सेकंद म्हणजे बरोबर ७ दिवस असते. परंतु सही ज्या कीने केली तिच्याहून अधिक काळ दुवा जगत नाही. आपला प्रोग्रॅम क्लाउडमधल्या सर्व्हरवर चालत असेल, तर त्याला बहुधा तात्पुरत्या की मिळत असतील. त्या काही तासांत संपतात आणि त्यांच्याबरोबर दुवाही संपतो. ॲक्सेस कीची पहिली चार अक्षरे पाहिली की हे लगेच कळते: ‘ए-एस-आय-ए’ असेल तर की तात्पुरती, ‘ए-के-आय-ए’ असेल तर कायमची.

कायमची की वापरली तर दुवे ७ दिवस टिकतील, पण तो मार्ग मला पसंत नाही. असा दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला तो चालतो, आणि ईमेल पुढे पाठवायला एक क्षण लागतो. त्यापेक्षा ईमेलमध्ये आपल्याच संकेतस्थळाचा कायमचा पत्ता द्यावा; सभासदाने तो उघडून आपली ओळख पटवली, की त्याच क्षणी १० मिनिटांचा नवा दुवा तयार करून त्याला तिकडे वळवावे. सभासदाला काहीच फरक जाणवणार नाही आणि ईमेल वर्षभराने उघडली तरी प्रत वाचता येईल.

दुवे तपासणारे साधन आपण वापरत असाल, तर तेही चांगले दुवे तुटलेले असल्याचे सांगेल. फाइल मागण्याची ‘गेट’ ही पद्धत सहीत धरलेली असते आणि अशी साधने सहसा ‘हेड’ या पद्धतीने विचारणा करतात. पद्धत बदलली की सही जुळत नाही.

प्रश्न: माझ्या स्टुडिओसाठी २०१२ साली लिहून घेतलेला प्रोग्रॅम व्हर्जिनियातील बकेटमध्ये आजही छायाचित्रे ठेवतो. मुंबईत नवे बकेट घेतले तर तो म्हणतो की ही पद्धत चालणार नाही. जुनी पद्धत चालत असताना ती बदलण्याची गरज का पडली?
— छायाचित्रकार, कोल्हापूर

उत्तर: आपला प्रोग्रॅम सहीची दुसरी आवृत्ती वापरतो. ३० जानेवारी २०१४ नंतर सुरू झालेल्या रीजनमध्ये एस-थ्री फक्त चौथी आवृत्ती स्वीकारते, आणि मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाले. व्हर्जिनियातले आपले बकेट जुने असल्यामुळे तेथे दुसरी आवृत्ती चालते. २४ जून २०२० नंतर तयार केलेल्या बकेटांना ती तेथेही चालत नाही. प्रोग्रॅममधली लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेली आणि रीजनचे नाव मुंबईचे दिले, की आपले काम होईल.

ही पद्धत बदलत का गेली, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली ‘मर्यादेयं विराजते’ असा लहान शिक्का, म्हणजे मोर्तब, उमटवला जाई. मजकुराची सीमा येथे संपली, याखाली कोणी काही जोडले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ होता. मजकुराला सीमा नसली तर सहीचे काय होते, हे संगणकाच्या जगाला दोन प्रसंगांनी शिकवले.

पहिला प्रसंग या कंपनीच्याच सहीच्या पहिल्या आवृत्तीचा आहे. तीत विनंतीतल्या घटकांची नावे आणि किमती क्रमाने लावून एकमेकांना चिकटवल्या जात, मध्ये कोणतेही विभाजक चिन्ह नसे. समजा, ‘नाव’ या घटकाची किंमत ‘गावकर’ आहे. सही होणारा मजकूर ‘नावगावकर’. आता घटकाचे नाव ‘नावगाव’ आणि किंमत ‘कर’ अशी दुसरी विनंती घेतली, तरी मजकूर ‘नावगावकर’ हाच होतो आणि पहिलीची सही दुसरीला चालते. कॉलिन पर्सिव्हल या संशोधकाने २००८ साली हा दोष दाखवून दिला. हॅशमध्ये काहीच खोट नव्हती; दोन निरनिराळ्या विनंत्यांचा मजकूर एकच होत होता. चौथ्या आवृत्तीत प्रत्येक भागाला स्वतःची ओळ का आहे आणि रिकामी ओळही का वगळायची नाही, याचे कारण येथे सापडते.

दुसरा प्रसंग २००९ सालचा, फ्लिकर या छायाचित्रे ठेवण्याच्या, म्हणून आपल्या व्यवसायाच्या जवळच्या सेवेचा. तेथे गुप्त शब्दाच्या मागे मजकूर जोडून त्या सगळ्याचा एमडी-५ हॅश काढला जाई आणि त्यालाच सही मानले जाई. थाई डुओंग आणि जुलियानो रिझो यांनी दाखवून दिले की अशा हॅशवरून, गुप्त शब्द माहीत नसतानाही, मजकुराच्या शेवटी भर घालून नवी वैध सही तयार करता येते. मोर्तब नसलेल्या पत्राखाली चार ओळी वाढवाव्यात, तसाच हा प्रकार. एचमॅक या रचनेत हॅश दोनदा, एकात एक घालून काढला जातो आणि बाहेरचा हॅश मजकूर बंद करतो, म्हणून ही भर घालता येत नाही. ह्यूगो क्रॉचिक, मिहिर बेल्लारे आणि रॅन कॅनेटी यांनी मांडलेली ही रचना १९९७ साली इंटरनेटच्या प्रमाणपत्रिकांत २१०४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली होती, म्हणजे फ्लिकरच्या प्रसंगाच्या १२ वर्षे आधी. सही करण्याची स्वतःची नवी रीत काढू नका, असे मी वाचकांना वारंवार लिहिते ते या इतिहासामुळे.

प्रश्न: माझ्या मोबाइल ॲपमध्ये सही करण्यासाठी सीक्रेट की लिहिलेली आहे, आणि चुकून तो कोड सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोणालाही पाहता येणाऱ्या कोडच्या साठ्यात) गेला. मी लगेच पुसला. एवढे पुरे आहे का?
— ॲप तयार करणारा वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही. रिपॉझिटरीच्या इतिहासात ती की अजून आहे, आणि सार्वजनिक कोडमधून की वेचणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. ती चोरीला गेली असेच समजा आणि हे उत्तर वाचून होताच ती निष्क्रिय करा. एका वापरकर्त्याला दोन ॲक्सेस की ठेवता येतात, त्यामुळे दुसरी तयार करून सर्व्हरवरचे काम तिच्यावर नेता येईल. ॲपमध्ये मात्र नवी कीही घालू नका, कारण ॲप उलगडून की काढणे अवघड नसते; ॲपने तुमच्या सर्व्हरकडे मागणी करावी आणि सर्व्हरने थोड्या मुदतीचा सही केलेला दुवा द्यावा. त्यानंतर क्लाउडट्रेल या खात्यातल्या हालचाली नोंदवणाऱ्या सेवेतला मागील ९० दिवसांचा इतिहास पाहा: अनोळखी रीजनमध्ये सुरू झालेले सर्व्हर, नवे वापरकर्ते, नव्या की, काही दिसले तर तेही बंद करा. एस-थ्रीमधली एखादी फाइल कोणी वाचली का, हे त्या इतिहासात आपोआप नोंदले जात नाही. ती नोंद तुम्ही आधीच सुरू केलेली नसेल, तर त्या कीला जेवढ्या फाइली खुल्या होत्या तेवढ्या सगळ्या वाचल्या गेल्या असे धरून चाला आणि ज्यांची माहिती त्यांत आहे त्यांना कळवा.